फाटकापाशी उभा केलेला मास्तर

सुदर्शन : आणि बाई, तो टीव्ही झाकायचा.

संध्याबाई : का? त्याला काय झालं?

सुदर्शन : काही झालं नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे. चांगला भिंतभर आहे, वरून चालू पण आहे. उद्या आमच्या संस्थेचे पाहुणे येणार, ते येणार पैसे भरून विकसनशील देशातल्या शाळेत शिकवायला. एवढे समुद्र ओलांडून आले आणि त्यांच्या घरच्यापेक्षा मोठा टीव्ही दिसला, तर मन मोडतं हो त्यांचं.

संध्याबाई : गावानं लोकवर्गणी काढून घेतलाय तो. पोरं कविता ऐकतात त्यावर.

सुदर्शन : फोडा म्हणत नाही मी. नुसती चादर टाका. तीन आठवड्यांचा प्रश्न. मागच्या वर्षी पैठणकडच्या एका शाळेत आमची पाहुणी ढसाढसा रडली, बाई.

संध्याबाई : गरिबी बघून?

सुदर्शन : गरिबी न दिसल्यामुळं. हात धुवायला साबण, मुलींचं वेगळं स्वच्छतागृह, ग्रंथालय, सगळं जागच्या जागी. म्हणाली, मग मी इथं करू काय? आमच्या क्रांती चौकातल्या ऑफिसात दोन तास बसून होती. कोल्ड्रिंक पाजून पाजून शांत केली.

संध्याबाई : या गीताबाई, चहा ठेवा इथं आणि तुम्हीही बसा. सुदर्शनचं म्हणणं आहे की तुमचं स्वयंपाकघर फार स्वच्छ आहे.

गीताबाई : मंग काय उकिरडा करून ठिवू का?

सुदर्शन : तसं नाही मावशी. फक्त तो गॅस मागच्या खोलीत सरकवा. तीन आठवडे खिचडी चुलीवर होऊ द्या. फोटोत धूर मस्त येतो.

गीताबाई : तुझ्या फोटोपायी म्या डोळे चोळीत बसू? आरं, बाईनं अर्ज करू करू त्यो ग्यास आणला. तू पयलीत असतांना म्या इथंच चूल फुकायची. तुला धुरानं ठसका लागला की पाणी कोन पाजायचं? तव्हा नाय आला कुनी फोटू काढाया.

संध्याबाई : हं, याचं उत्तर दे. तू याच शाळेत शिकलास, सुदर्शन. पत्रे गळायचे. पावसाळ्यात मी तुम्हाला एका कोपऱ्यात गोळा करून शिकवायचे. गोरं सोड, तालुक्याचं माणूससुद्धा फिरकलं नाही तेव्हा.

सुदर्शन : तेव्हा मार्केट नव्हतं, बाई.

संध्याबाई : वा. आणि आता सगळं नीट केलं, तर मार्केट आलं.

सुदर्शन : तुम्ही चिडलात. तुम्ही चिडलात की मला अजून सातचा पाढा विसरायला होतं.

संध्याबाई : तुला तो न चिडताही येत नव्हता. हे बघ, टीव्हीवर चादर टाकते. पण गॅस जागचा हलणार नाही. आणि पोरांचे बूट काढा म्हणालास तर तुझे काढून ठेवीन.

सुदर्शन : नाही नाही. बूट राहू द्या. बूट... जरा मळवून घेता आले तर...

गीताबाई : ए!

सुदर्शन : बरं, राहिलं.

संध्याबाई : पाहुणा मला कशासाठी पाहिजे, हे तुला फोनवर सांगितलं होतं. परत सांगते, म्हणजे तुझ्या डोक्यातनं चादर-बिदर निघून जाईल. शाळेत पोरं किती? एकोणीस. तीस सप्टेंबरला पट मोजतात. त्या दिवशी वीस भरले, तर शिक्षकाचं दुसरं पद टिकतं. एकोणीस राहिले, तर पदच जातं. मग कायमची मी एकटी, आणि पहिली ते पाचवी.

सुदर्शन : पण ते पद तर आताही रिकामंच आहे ना?

संध्याबाई : दोन वर्षं. अकरा पत्रं लिहिली, एकाचं उत्तर नाही. पण पद शिल्लक असलं तर आज ना उद्या गणिताची बाई मिळेल, निदान आशा तरी आहे. मी भाषेची माणूस रे. पाचवीला अपूर्णांक शिकवायला उभी राहिले की पहिली रडायला लागते, पहिलीकडं गेले की पाचवी झाडावर चढते. दोन वर्षांत दोन पाचव्या माझ्या हातातनं तशाच सुटल्या. फाट्यावरच्या हायस्कुलात जातात आणि मागच्या बाकावर बसतात. मला ते बघवत नाही.

गीताबाई : अन् इसावं पोरगं नानासायबाच्या वाड्यात हाय. एक नाय, चार हायेत. दोन त्येचे नातू, दोन भावाचे.

सुदर्शन : नानासाहेब म्हणजे माजी सरपंच? त्यांची मुलं तर पिवळ्या बसनं इंग्लिश मीडियमला जातात.

गीताबाई : जात्यात की. सकाळी सातला बस येती अन् चार लेकरं पेंगत पेंगत चढत्यात. पर त्यो काय म्हनला म्हाईत हाय का? पारावर चार मानसांत बोलला. म्हनला, तुमच्या शाळंत गोरा मास्तर आना, दुसऱ्या दिवशी चारी लेकरं आनून बसवतो. तिथं फी भरून बी मास्तर काळाच हाय, म्हनला.

संध्याबाई : म्हणून तुझं सगळं ऐकून घेते आहे. तुला गरीब शाळा पाहिजे, नानासाहेबांना भारी शाळा पाहिजे, आणि मला पाहिजे एक पोरगं. आता सांग, येतंय कोण?

सुदर्शन : तेच सांगायला मुद्दाम गाडी काढून आलो, बाई. फोनवर बरं दिसलं नसतं.

संध्याबाई : रद्द झालं का?

सुदर्शन : नाही, येतेय. मुलगी आहे. कॅनडाची. शिकलेली आहे, स्वभावाला पण छान आहे. फक्त...

संध्याबाई : फक्त काय?

सुदर्शन : नाव प्रेरणा आहे.

गीताबाई : कॅनडात बी प्रेरना असत्यात?

सुदर्शन : आईबाप आपल्या सिडकोतले, मावशी. ही तिकडंच जन्मली. पासपोर्ट कॅनडाचा, पैसे भरले कॅनडातनं, सगळं कायदेशीर. पण चेहरा सिडकोचा आहे. परवा स्टेशनवर घ्यायला गेलो तर मी तिला ओलांडून पुढं गेलो. गोरं कोणी उतरतंय का बघत बसलो. मागनं तीच हाक मारते, कामून पळून राहिले दादा?

संध्याबाई : मराठी बोलते?

सुदर्शन : आजीची मराठी. पार जुनी. म्हणजे विदेशी म्हणून तोंड उघडायचीही सोय नाही.

संध्याबाई : आणि शिकवते काय?

सुदर्शन : तिकडं शाळेत मास्तरीण आहे, सहा वर्षं झाली. गणिताची.

संध्याबाई : काय म्हणालास?

सुदर्शन : गणिताची. म्हणून म्हटलं बाई, मी सॉरी आहे...

संध्याबाई : अरे सॉरी काय! खरी मास्तरीण? सहा वर्षं गणित शिकवलेली? इतकी वर्षं तुम्ही तालुक्यात जे पाठवलंत त्यात एक तरी शिक्षक होता का? भिंतीवर फुलपाखरं काढणारे होते. शेजारच्या वस्तीवर एकच भिंत चार जणांनी रंगवली, पाढे पुसून. आणि आता गणिताची बाई येतेय, ती मराठी बोलते, आणि तू मयताला आल्यासारखं तोंड करून बसलास?

सुदर्शन : पण नानासाहेब, बाई. ती फाटकातनं आत आली की ते म्हणणार, ही तर आपल्यातलीच. आणि तुमचे वीस कसे भरणार?

गीताबाई : ह्ये मातर खरं हाय, बाई. त्यो इचारील, आडनाव काय? गाव कोन्तं? मंग पुढचं बी इचारील.

संध्याबाई : हो. पुढचंही विचारील. रंग बघून, आडनाव बघून माणूस मोजतात, ते मी जन्मापासून बघते आहे. माझ्या बापानं नाव बदललं नाही, धर्म बदलला, तरी मोजणारे मोजतच राहिले. पण माझ्याच शाळेच्या दारात मला तसं मोजायला लागेल, असं कधी वाटलं नव्हतं. लाज वाटते मला.

सुदर्शन : त्यावर उपाय आणलाय ना मी. अदलाबदल. हर्सूलकडच्या एका शाळेत आमचा लुकास जातोय. डेन्मार्कचा. सहा फूट उंच, केस सोनेरी, डोळे निळे. फोटो बघा. असा मास्तर नानासाहेबांनी टीव्हीत सुद्धा पाहिला नसेल. तो तुम्हाला देतो, प्रेरणाला तिकडं पाठवतो.

संध्याबाई : काय शिकवतो हा?

सुदर्शन : शिकवत असं नाही. एकोणीस वर्षांचा आहे. नुकताच शाळेतनं सुटलाय, आता कॉलेजच्या आधी वर्षभर जग बघतोय. गिटार वाजवतो.

संध्याबाई : गणित?

सुदर्शन : बाई, फॉर्मवर त्यानं स्वतःचं वय चुकवलं होतं.

गीताबाई : मंग ह्यात काय येवढं इचारात पडायचं? दोघं बी आना.

सुदर्शन : नाही मावशी, एका शाळेला एकच पाहुणा. नियम आहे.

गीताबाई : नियम तुझा का सरकारचा?

सुदर्शन : ऑफिसचा.

गीताबाई : म्हंजी तुझाच. ह्ये बग, गोऱ्याला फाटकापाशी हुबा कर. नानासायब सकाळी दूध घालाया डेअरीवर जातो, तव्हा बी दिसला पायजे अन् परतीला बी. अन् ती पोरगी फळ्यापाशी. आत काय चालतंय ते बगाया नानासायब कव्हा आलाय? त्येचं समदं काम फाटकापोतूरच हाय.

संध्याबाई : गीताबाई!

गीताबाई : चुकलं का काही?

संध्याबाई : चुकलं नाही, म्हणूनच वाईट वाटलं. सुदर्शन, जमव.

सुदर्शन : हर्सूलच्या शाळेला काय सांगू?

संध्याबाई : तिकडं भिंत आहे ना? पुढच्या महिन्यात पाठव एखादा रंगवणारा.

सुदर्शन : ठीक आहे, पण मग मलाही काहीतरी द्या. दोन पाहुणे एका शाळेत म्हणजे फोटो पण डबल लागणार. ती मागची जुनी खोली आहे ना, भिंत खचलेली? तिथं तासभर वर्ग भरवा. फक्त फोटोपुरता.

संध्याबाई : ती खोली निर्लेखित आहे. पडायला झालीय. लेकरं त्या छताखाली बसवणार नाही मी, तुझ्या डेन्मार्कसाठीही नाही.

सुदर्शन : समोर बसवा मग. लिंबाखाली. मागं खोली दिसली म्हणजे झालं.

संध्याबाई : समोर बसवीन. दहा मिनिटं. आणि मळके बूट नाहीत.

सुदर्शन : डन. फोन वाजतोय तुमचा, बाई.

संध्याबाई : नानासाहेबांचा आहे. नमस्कार, नानासाहेब. हो, उद्याच. डेन्मार्कहून. हो, अगदी गोरे. केसही. हो, उंच आहेत. नाही नाही, नाटक कशाला? खरोखरचे आहेत. काय म्हणालात? लिहून? अहो, लिहून कशाला, उद्या डोळ्यांनीच बघा ना. बरं. बरं, बघते. ठेवते.

गीताबाई : काय म्हनत व्हता?

संध्याबाई : लेटरहेडवर लिहून पाहिजे. गोल शिक्क्यासहित. म्हणे पिवळ्या बसवाल्यांनी छापील कागद दिला होता, तुम्ही नुसतं तोंडी सांगता. कागद हातात आला की परवा चारी मुलांचे दाखले काढून आणतो.

सुदर्शन : मग द्या की. दोन ओळींचं काम. काय लिहायचं?

संध्याबाई : लिहायचं की, श्री. लुकास हे या शाळेत पाहुणे म्हणून...

सुदर्शन : पाहुणे नको. पाहुणे म्हणजे लग्नाला आल्यासारखं वाटतं. शिक्षक लिहा.

संध्याबाई : तो शिक्षक नाही.

सुदर्शन : मग काय लिहिणार, फाटकापाशी उभा आहे?

गीताबाई : लिवा बाई. एक वळ तर हाय. चार लेकरं येत्यात.

संध्याबाई : सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी पोराच्या हजेरीचं एक टिंबसुद्धा खोटं दिलेलं नाही.

सुदर्शन : म्हणूनच तुमच्या शिक्क्याला किंमत आहे. लिहा. श्री. लुकास हे या शाळेत द्वितीय शिक्षक म्हणून कार्यरत आहेत.

संध्याबाई : द्वितीय?

सुदर्शन : पहिल्या तुम्ही ना.

संध्याबाई : ...कार्यरत आहेत. सही. जावक क्रमांक टाकू का?

सुदर्शन : क्रमांकाशिवाय नानासाहेब मानणार नाहीत.

(पाच आठवड्यांनंतर. शाळेतली तीच खोली. टीव्हीवरची चादर निघाली आहे. सुदर्शन पाहुण्यांबद्दलचा अभिप्रायाचा फॉर्म घेऊन आला आहे आणि संध्याबाई त्याच्याकडं न बघता वह्या तपासत आहेत.)

सुदर्शन : फक्त टिक करायचंय, बाई. समाधान झालं, खूप समाधान झालं, जीवन बदललं. तीनच पर्याय आहेत.

संध्याबाई : चौथा नाही?

सुदर्शन : चौथा आम्ही ठेवत नाही. लुकासचं काम कसं वाटलं?

गीताबाई : लेकरू गुनाचं व्हतं. रोज सकाळी फाटकापाशी हुबं ऱ्हायचं अन् येनाऱ्याला हात जोडायचं. ढोरालाबी जोडायचं. नानासायबानं तीनदा त्येच्यासंगं फोटू काढला. उनानं पार टोमॅटोवानी झालं, मंग म्या त्येला टोपी आनून दिली.

संध्याबाई : दुसऱ्या आठवड्यापासून नानासाहेब गेले की तो आत येऊन पाचवीच्या मागं बसायचा. प्रेरणानं त्याला वही दिली. अपूर्णांक येत नव्हते त्याला. जाताना आले होते.

सुदर्शन : आणि प्रेरणा?

संध्याबाई : प्रेरणाबद्दल तू विचारू नकोस. वर्तमानपत्रात तुम्ही फोटो दिलात. खाली छापलं, विदेशी शिक्षक लुकास आणि सोबत स्थानिक महिला.

सुदर्शन : ते ऑफिसात गडबड झाली. फोटो बघून कोणालाही तसंच...

संध्याबाई : तिनं कात्रण कापून वहीत चिकटवलं आणि हसली. मला हसायला आलं नाही. तीन आठवड्यांत त्या पोरीनं पाचवीचा अर्धा अभ्यासक्रम पार केला. पुस्तकातल्या केकचे तुकडे नाही शिकवले तिनं. पोरांना विचारलं, तुमच्या घरी वाटून काय घेतात? पोरं म्हणाली, पाणी. मग विहिरीच्या पाळ्या फळ्यावर. थ्री-फेज लाईट आठ तास, विहीर तिघांची, तर एकाची मोटर किती वेळ चालणार?

गीताबाई : अन् त्यातनंच राडा झाला.

सुदर्शन : कसला राडा?

गीताबाई : नानासायबाचा नातू हाय ना, ऋतुराज, पाचवीतला. त्येनं घरी जाऊन घड्याळ लावलं. सामाईक हीर हाय त्येंची. नानासायब, भाऊ काकासायब, अन् रांडमुंड भावजय द्वारकाबाई. तिघांचं समान. पोरगं रातच्याला भरल्या ताटावर म्हनतं, आजोबा, आपला हिस्सा एक तृतीयांश, दोन तास चाळीस मिन्टं. तुमी मोटर चार तास चालिवता. ह्ये तर एक द्वितीयांश झालं.

सुदर्शन : अरे बाप रे.

गीताबाई : काकासायब ताटावरनं उठला. द्वारकाबाई तर सकाळीच शाळंत आली, हातात खारका अन् खोबरं घिऊन. म्हनली, धा सालं मला वाटायचं माझी हीरच आटली. कुन्या बाईनं शिकिवलं ह्ये? म्या दाखिवली प्रेरना. तिनं तिच्या तोंडावरनं हात फिरिवला अन् कडाकडा बोटं मोडली. आडनाव नाय इचारलं, बरं का.

सुदर्शन : आणि नानासाहेब?

संध्याबाई : आले. पहिल्यांदा फाटकाच्या आत आले. म्हणाले, बाई, गणित जरा कमी करा आणि त्या गोऱ्याला आत घ्या. गिटार वाजवू द्या पोरांना. मी म्हटलं, पट मोजून झाला की बघू. तोपर्यंत पोरांना गोडी लागली होती. आता ते चौघांना काढतो म्हणाले तर ऋतुराज बाकीच्या तिघांना घेऊन ओसरीवर अडून बसला. पिवळ्या बसमध्ये चढलाच नाही. बस दोन दिवस हॉर्न वाजवून गेली.

सुदर्शन : म्हणजे तीस तारखेला...

संध्याबाई : तेवीस. तेवीस पोरं हजर. मोजायला आलेल्या साहेबांना मी दोनदा मोजायला लावलं. आता दुसरं पद टिकलं, सुदर्शन. खरोखर टिकलं. त्याच दिवशी बारावं पत्र लिहिलं. पट तेवीस आहे, पद रिक्त आहे, गणिताचा शिक्षक द्यावा. प्रेरणा जायच्या आधी म्हणाली, बाई, पुढच्या धड्यांच्या टिपा काढून ठेवते, नव्या बाईंना द्या. ही बघ वही. नव्या बाईंसाठी, असं वर लिहूनही ठेवलंय.

गीताबाई : बाई, केंद्रातला शिपाई येऊन गेला. ह्यो लखोटा दिला. तालुक्याचा हाय म्हनला.

संध्याबाई : तालुक्याचा? उत्तर? बारा पत्रांत पहिल्यांदा उत्तर आलं! गीताबाई, चहा टाका, साखर जास्त घाला. कात्री कुठं गेली? राहू द्या, फाडतेच.

सुदर्शन : मोठ्यानं वाचा, बाई. फॉर्मवर टाकतो मी, संस्थेच्या प्रयत्नांतून शिक्षक मिळाला म्हणून.

संध्याबाई : विषय, द्वितीय शिक्षक मागणीबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या शाळेचा पट तेवीस असल्याने द्वितीय पद मंजूर ठेवण्यात येत आहे.

गीताबाई : आलं बगा! आलं!

संध्याबाई : तथापि, सदर पदावर श्री. लुकास हे कार्यरत असल्याबाबतचे आपलेच प्रमाणपत्र, जावक क्रमांक सत्तेचाळीस, या कार्यालयास प्राप्त झालेले आहे. सबब पद भरलेले समजून आपली मागणी निकाली काढण्यात येत आहे.

सुदर्शन : हे त्यांच्याकडं कसं गेलं?

संध्याबाई : नानासाहेबांनी गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं. केंद्रप्रमुख आहेत त्या ग्रुपवर. स्तुत्य उपक्रम म्हणून वर पाठवलं असेल. बारा खरी पत्रं लिहिली मी, सुदर्शन. त्यांना पाय फुटले नाहीत. हे एकच खोटं लिहिलं, ते बरोबर पोचलं.

सुदर्शन : पण लुकास तर डेन्मार्कला गेला.

संध्याबाई : कागदावर इथंच आहे तो. निवृत्त होईपर्यंत राहील. एकोणचाळीस वर्षं आहेत त्याला.

गीताबाई : मंग पाचवीला कोन?

सुदर्शन : बाई, तुम्ही टेन्शन घेऊ नका. जानेवारीत हॉलंडचे एक गृहस्थ येताहेत. दातांचे डॉक्टर होते, आता रिटायर. खूप प्रेमळ आहेत. मी त्यांना सांगतो, भिंत नको, गणित घ्या.

संध्याबाई : नको.

सुदर्शन : दोन आठवडे तरी...

संध्याबाई : मला पाहुणा नको, सुदर्शन. मला मास्तर पाहिजे. जून ते एप्रिल राहणारा, पोरांची नावं पाठ असणारा, आजारी पडला तर रजेचा अर्ज देणारा. कोरं लेटरहेड दे ते इकडं. जुनं नको, नवीन पान दे.

सुदर्शन : काय लिहिताय?

संध्याबाई : जावक क्रमांक सत्तेचाळीस अन्वये दिलेलं प्रमाणपत्र खोटं आहे. श्री. लुकास हे शिक्षक नव्हते. ते फाटकापाशी उभे राहत असत. प्रमाणपत्र मी स्वतः, कोणाच्याही दबावाशिवाय दिलेलं आहे.

सुदर्शन : अहो, दबाव तर होता! मी होतो, नानासाहेब होते. माझं नाव तरी घाला.

संध्याबाई : सही कोणाची होती?

सुदर्शन : बाई, ऐका माझं. चौकशी लागेल. निलंबन करतील. सहा वर्षं राहिलीत तुमची. मी उद्या ऑफिसातनं बोलतो कोणाशी तरी, हळूच मिटवून टाकू.

गीताबाई : त्यो बराबर बोलतोय बाई. ऱ्हाऊ द्या. येक साल तसंच काढू. म्या पयलीच्या लेकरांना सांभाळते, तुमी पाचवीला बसा. खिचडी शिजता शिजता बाराखडी तर म्हनून घेता येती मला.

संध्याबाई : एक वर्ष नाही हो गीताबाई. पद भरलंय म्हणतात ते. भरलेल्या पदावर कोणी माणूस पाठवत नाही. ही पाचवी, पुढची पाचवी, त्याच्या पुढची. दोन पाचव्या गेल्या तेव्हा म्हणता येत होतं, सरकारनं दिलं नाही. आता सरकार म्हणतंय, तुम्हीच घेतलंय लिहून. ऋतुराज बसमध्ये चढला नाही, तो कशाच्या भरवशावर?

गीताबाई : आन् तुमालाच काढलं तर?

संध्याबाई : तर दोन जागा रिकाम्या होतील. तेवीस पोरं आणि एकही मास्तर नाही, हे तरी कोणाला तरी दिसेल.

सुदर्शन : बाई...

संध्याबाई : तुझा फॉर्म दे. समाधान झालं, खूप समाधान झालं, जीवन बदललं. जीवन बदललंवर टिक करते. घे.

सुदर्शन : मी काय करू, बाई? खरंच सांगा.

संध्याबाई : तालुक्याला जाणारच आहेस ना गाडीनं? हे पत्र हातोहात दे आणि पोच घेऊन ये. टपालानं पाठवलं तर पोचायचं नाही.

सुदर्शन : माझ्या हातानं?

संध्याबाई : तुझ्याच. आणि प्रेरणाची ती वही मला दे. गीताबाई, लेकरांना आत बोलवा. पहिलीला पाटी द्या. पाचवीला म्हणा, पाळ्यांच्या पुढचं पान काढा. मला जेवढं समजतं तेवढं सांगते, नाही समजलं तर ऋतुराजला विचारू. शिक्का मारते आणि आलेच.